दिसतं तसं असावं

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण ज्याने कोणी काढली त्याने आयुष्यात कधी दुकान टाकलं नसणार. दुकानदाराची म्हण निराळी. जे दिसत नाही ते खपत नाही! मंडईतला आंबेवाला पेटीच्या वरच्या थरात जे आंबे मांडतो त्यांचा आणि खालच्या थरातल्या आंब्यांचा काही रक्ताचा संबंध असेल, असं मला कधीच वाटलेलं नाही. साडीच्या दुकानातली काचेआडची बाहुली जी साडी नेसून उभी असते ती साडी घरी आल्यावर तशी दिसत नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात मी अनेकदा पाहिलं आहे. बोललो मात्र एकदाच.

माझी उभी हयात एका छापखान्यात गेली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मुखपृष्ठ छापायचं म्हणजे रंगागणिक ब्लॉक करावा लागे आणि ब्लॉकागणिक पैसे. त्यामुळे प्रकाशक चित्रकाराला पहिल्यांदा विचारायचा, ‘दोन रंगांत भागेल का?’ दोन रंगांत भागवायचं म्हणजे चित्रात एकच गोष्ट ठेवायची, हे ओघानेच आलं. गरिबीने मराठी मुखपृष्ठांवर जेवढे उपकार केले तेवढे कलाशाळांनीही केले नसतील.

दुसरे उपकार फुटपाथवरच्या पेपरवाल्याचे. दिवाळी अंक तो दोरीला चिमटे लावून टांगायचा. एकावर एक असे की प्रत्येक अंकाचं नाव आणि मुखपृष्ठावरच्या बाईचं कपाळ, फार तर एक डोळा, एवढंच दिसावं. उरलेली बाई शेजारच्या अंकाच्या मागे. तेवढ्यावरून गिऱ्हाइकाने ठरवायचं. दीनानाथ दलालांचं चित्र असलं की त्या एका डोळ्यावरूनसुद्धा रस्त्याच्या पलीकडून ओळखू यायचं. मी लहानपणी ते पाहिलंय. सांगायचा मुद्दा, मोठा चित्रकार कोण, तर ज्याचं चित्र अर्धं झाकलं तरी पुरं पडतं तो.

निवृत्तीबरोबर माझा मुखपृष्ठांशी असलेला संबंध संपला असं मी धरून चाललो होतो. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीने चांगली चालती नोकरी सोडली आणि ती गेम करायला लागली.

‘मुलगी काय करते?’ या प्रश्नाला ‘गेम करते’ असं उत्तर देणं मध्यमवर्गीय घरात सोपं नाही. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यांना मी ते दिलं, तर त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्याकडे गेम करणाऱ्यांना पोलीस शोधत असतात. ती संगणकावर खेळायचे खेळ बनवते, असा खुलासा केल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे पगार नाही?” त्यांनी विचारलं, आणि माझ्या भावाचा जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

खेळाचं नाव ‘मुक्कामी’. त्याचं मूळ आमच्याच घरात आहे. १ जून १९४८ ला पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, यांच्या दरम्यान पहिली एस.टी. धावली. त्यानंतर काही वर्षांनी आमचे वडील एस.टी.त कंडक्टर म्हणून चिकटले, ते निवृत्त होईपर्यंत चिकटूनच राहिले. ड्यूटी बहुतेक मुक्कामी गाडीवर. ज्यांनी नेहमी रिझर्व्हेशन करूनच प्रवास केला त्यांच्यासाठी सांगतो. दिवसाची शेवटची गाडी आडगावाला जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत फिरते. तिच्याबरोबर ड्रायव्हर-कंडक्टरही तिथेच झोपतात. ती मुक्कामी गाडी.

पुतणीच्या खेळात खेळणारा हा कंडक्टर. पावसाळी रात्र, घाट, गाडीत अकरा उतारू आणि एक शेळी. ज्याला त्याला त्याच्या फाट्यावर सोडायचं. सुट्या पैशांचं काय करायचं, शेळीचं तिकीट फाडायचं की नाही, परीक्षेत नापास होऊन घरी निघालेल्या पोराशी काय बोलायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. शेवटी कंडक्टर रिकाम्या गाडीत घोंगडी अंथरून आडवा होतो आणि खेळ संपतो.

“ह्यात जिंकतं कोण?” भावाने विचारलं.

“सगळे घरी पोचतात, बाबा.”

“ते झालं. पण जिंकतं कोण?”

भाऊ हिशेबनीस होता. जमा आणि खर्च यांच्यात शेवटी कोणी तरी जिंकल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

तर असा हा खेळ दोन वर्षं खपून पुतणीने आणि तिच्या एका मित्राने तयार केला आणि तो विकायला मांडायची वेळ आली. हे खेळ कुठे विकतात? मला वाटलं, लक्ष्मी रोडला. पण त्याचं दुकान अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात आहे, आणि तेही खरं म्हणजे तिथे नाहीच. ‘स्टीम’ नावाचं हे दुकान व्हॉल्व्ह कंपनीने २००३ साली काढलं. त्याला शटर नाही, गल्ला नाही, दुपारी एक ते चार बंद ही सोय नाही. एक खेळ मांडायचे १०० डॉलर घेतात. तुमची विक्री १००० डॉलरच्या वर गेली की ते १०० परत देतात. हा व्यवहार भावाला एकदम पसंत पडला. “डिपॉझिट आहे होय!” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने व्हिडिओ गेमकडे प्रेमाने पाहिलं.

पण पुढचा आकडा ऐकून ते प्रेम आटलं. २०२४ या एका वर्षात त्या दुकानात १८,००० हून अधिक नवे खेळ मांडले गेले. म्हणजे रोज सरासरी पन्नासच्या आसपास. आपल्याकडे पावसाळ्यात छत्र्या इतक्या निघत नाहीत. आणि ह्या रोजच्या पन्नासांतला आपला एक गिऱ्हाइकाला कसा दिसणार, तर एका चित्राने. खेळाची चित्रफीत, माहिती, खेळातली दृश्यं हे सगळं आतल्या पानावर. आत यायचं तर आधी बाहेरच्या चित्रावर बोट पडलं पाहिजे.

ह्या चित्राला त्या धंद्यात कॅप्सूल म्हणतात.

“सकाळ-संध्याकाळ घ्यायची का?” आमच्या आईने पलंगावरून विचारलं. आईचं वय आता नव्वदीला टेकलंय. ऐकू सगळं येतं, पण तिला हवं तेव्हा.

कॅप्सूल एक नाही, अनेक आहेत. एकच चित्र दुकानात निरनिराळ्या जागी निरनिराळ्या मापाने लागतं. एक ९२० बाय ४३० चं, एक १२३२ बाय ७०६ चं, एक उभं ७४८ बाय ८९६ चं. विकत घेतल्यानंतर गिऱ्हाइकाच्या फडताळात लागायला ६०० बाय ९०० चं. हे आकडे इंचांचे नव्हेत, ठिपक्यांचे. संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आणि सगळ्यांत अवघड ते छोटं, ४६२ बाय १७४. दुकान त्याची आणखी दोन पिल्लं आपोआप काढतं. एक १८४ बाय ६९ आणि दुसरं १२० बाय ४५. पडद्यावर हे शेवटचं पिल्लू पोस्टाच्या तिकिटापेक्षा फारसं मोठं दिसत नाही. आणि गंमत अशी की यादीत, शोधात, जिथे जिथे गर्दी आहे तिथे हीच छोटी चित्रं पुढे असतात. नवरदेव घरात, करवली मांडवभर!

बरं, चित्रावर काही लिहून गिऱ्हाइकाला समजवावं, तर तेही नाही. २०२२ च्या सप्टेंबरपासून त्या दुकानाचा नियमच आहे. चित्रात खेळाचं चित्र आणि खेळाचं नाव, बाकी काही नको. मिळालेली बक्षिसं नकोत, कोणी कौतुक केलं असेल तर ते नको, ‘किमतीत घसघशीत सूट’ नको. हे ऐकून मी हबकलोच. मराठी नाटकाच्या जाहिरातीतून ‘तुफान विनोदी’, ‘कौटुंबिक’, ‘आज हाउसफुल्ल’ आणि ‘खास महिलांसाठी’ एवढं काढून टाकलं तर खाली नाट्यगृहाचं नाव उरतं. माणसाने तिकीट काढायचं कशाच्या जोरावर?

“चित्राच्या जोरावर, काका,” पुतणी म्हणाली. “म्हणून तर तुमच्याकडे आले.”

छापखान्यातल्या माणसाला निवृत्तीनंतर कोणी काही विचारायला आलं तर तो ते फुकट सांगतो, एवढंच नाही, चहाही पाजतो.

पुतणीने संगणकावर जुन्या खेळांच्या खोक्यांचा एक आल्बमच जमवला होता. पूर्वी हे खेळ खोक्यातून विकत. १९७७ साली अटारी कंपनीने घरच्या टी.व्ही.ला जोडायचं यंत्र काढलं. त्याच्याबरोबर ‘कॉम्बॅट’ नावाचा खेळ यायचा. त्याचं खोकं क्लिफ स्पोन नावाच्या चित्रकाराने रंगवलेलं. काय ते रणगाडे, काय ती विमानं! आणि पडद्यावर प्रत्यक्षात काय, तर चार चौकोनी ठोकळे एकमेकांवर ठिपके मारतायत. लग्नाळू मुलाचा स्टुडिओत काढलेला फोटो आणि तोच मुलगा सकाळी दूध आणायला निघालेला, ह्यात जेवढा फरक, तेवढा.

“ही सरळसरळ फसवणूक!” मी म्हणालो.

“तसं नाही, काका. त्या वेळी पडद्यावर ठोकळ्यापलीकडे काही काढताच येत नव्हतं. चित्र बघून पोरं त्या ठोकळ्यातच रणगाडा बघायची.”

मी गप्प बसलो. शेंदूर फासलेल्या दगडात आपल्याला देव दिसतोच की. ते खोक्यावरचं चित्र म्हणजे शेंदूर होता.

पुढचं खोकं मात्र शेंदराच्या पलीकडचं. १९८७ चा ‘मेगा मॅन’ हा जपानी खेळ. आतला नायक निळ्या कपड्यातला, हाताचीच तोफ होणारा यंत्रमानव पोरगा. अमेरिकेतल्या खोक्यावर मात्र पिवळ्या-निळ्या कपड्यांतला एक मध्यमवयीन गृहस्थ हातात पिस्तूल घेऊन असा वाकडातिकडा उभा, की कंबरेत उसण भरलेली असावी. ते चित्र इतकं गाजलं, की २०१२ साली त्याच कंपनीने आपल्या दुसऱ्या एका खेळात तो पोट सुटलेला गृहस्थच पात्र म्हणून घेतला. चुकीचंही भांडवल करावं ते असं!

‘फॅलँक्स’ हा अवकाशयानांच्या लढाईचा खेळ. त्याच्या अमेरिकेतल्या खोक्यावर एक दाढीवाले आजोबा आरामखुर्चीत बसून बँजो वाजवतायत. अवकाशयान मागे आकाशात, बारीकसं. आजोबांचा खेळाशी काहीही संबंध नाही. दुकानात लक्ष वेधावं एवढ्यासाठीच त्यांना बसवलेलं. लक्ष वेधलं गेलं. इतकं, की आजोबा अजून लोकांच्या लक्षात आहेत, यान कोणालाच आठवत नाही. आणि ‘ओकामी’ची गोष्ट तर छापखान्यातल्या माणसाचा थरकाप उडवणारी. २००८ साली अमेरिकेत त्याची नवी आवृत्ती निघाली, तिच्या वेष्टणावर एका परक्या संकेतस्थळाचा पुसट शिक्का छापून आला होता. चित्र तिथून उचललेलं, आणि शिक्का पुसायचा राहिलेला! कंपनीला लोकांना नवी वेष्टणं फुकट द्यावी लागली. प्रूफ तपासताना त्या दिवशी कोण होता, ह्या विचाराने मला रात्री झोप आली नाही.

शेवटी तिने एक खोकं दाखवलं. ‘इको’, २००१. खेळ रचणाऱ्या फुमितो उएदानेच इटालियन चित्रकार दि किरिकोच्या धाटणीत रंगवलेलं. उंच इमारती, लांबच लांब सावल्या, आणि खाली दोन इवलीशी माणसं. जपानात आणि युरोपात हे चित्र लागलं. अमेरिकेत मात्र दुसरंच, शिंगवाल्या मुलाचा मोठा चेहरा असलेलं. पण वीस-पंचवीस वर्षांनी लोक बोलतात ते पहिल्याबद्दल. त्या चित्रात खेळातलं फारसं काही दिसत नाही. फक्त खेळताना जे एकटेपण वाटतं, ते दिसतं.

“काका,” पुतणी जरा थांबून म्हणाली, “लोकांनी खेळून बघितला आणि नाही आवडला, तर मी समजू शकते. पण कोणी बघितलाच नाही तर?”

ह्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. दोन वर्षांत तिची शिल्लक संपत आली होती. दिवाळीपर्यंत पुरेल, असं भाऊ म्हणाला होता, आणि त्याचे हिशेब चुकत नाहीत. आपल्या माणसाने रात्र रात्र जागून केलेली गोष्ट वाईट ठरण्यापेक्षा ती कोणाच्या नजरेलाच न पडणं अधिक वाईट. आपण छापलेल्या किती पुस्तकांचं असं झालं, ते छापखान्यातल्या माणसाला ठाऊक असतं. गठ्ठे त्यानेच बांधलेले असतात.

एका रविवारी घरात बैठक बसली. खेळाचं चित्र काढायला कोल्हापूरचा एक चित्रकार ठरला होता. कोल्हापूर म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. बाबूराव पेंटरांचं गाव ते. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ सालचं भित्तिपत्रक हे भारतातलं आज उपलब्ध असलेलं सगळ्यांत जुनं सचित्र भित्तिपत्रक मानतात. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावाला कळलं होतं की लोक आधी चित्र बघतात आणि मग तिकीट काढतात, त्या गावच्या माणसाला आपण काय शिकवणार?

पण शिकवल्याशिवाय राहील तर ते घर कसलं? चित्रकाराच्या बिदागीपासूनच सुरुवात झाली. “दोन वर्षं तू फुकट राबलीस आणि चित्राला पैसे?” भाऊ म्हणाला. शेजारच्या वकिलांचा मुलगा म्हणाला, हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं की मिनिटात चित्र मिळतं. तसं केल्यास दुकानाला तसं सांगावं लागतं, २०२४ पासून तसा नियम आहे, हे पुतणीने सांगितलं. तरी गंमत म्हणून त्याने सांगून पाहिलं. यंत्राने मिनिटभरात एस.टी. काढून दिली. सुरेख होती. फक्त तिला लंडनसारखा वरचा मजला होता आणि कंडक्टरच्या डोक्यावर फेटा होता. आई म्हणाली, “ह्यांच्या डोक्यावर फेटा लग्नात होता, तेवढाच.” यंत्राचा विषय तिथे संपला.

मग चित्रात काय असावं यावर सूचना सुरू झाल्या. भाऊ म्हणाला, माणसं भरपूर दिसू देत, म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. वहिनींना शेळी हवी होती. वकिलांना ‘सर्व हक्क राखीव’ हवं होतं. पुतणीच्या मित्राला पाऊस हवा होता, कारण पडद्यावर पाऊस पाडायला त्याला चार महिने लागले होते. मला सह्याद्री हवा होता. सह्याद्री का, ते मला सांगता येणार नाही. मराठी माणसाला तो सगळीकडेच हवा असतो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चित्र काढायला बसलेल्या माणसांचा खरा घोळ इथे होतो. ज्याला ज्या गोष्टीचा घाम आला, त्याला ती गोष्ट चित्रात हवी असते. स्वयंपाक करणाऱ्याला वाटतं, डाळ निवडताना आपण किती खडे काढले ते पंगतीला कळावं. पंगतीला वरण कळतं. आपल्या लग्नपत्रिका बघा. आमंत्रण एका ओळीचं, आणि खाली व्यवस्थापक, निमंत्रक, प्रेषक, आणि सगळ्यांच्या खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली. कोणी रुसू नये म्हणून सगळ्यांची नावं घातलेली. लग्न किती वाजता आहे, ते शोधायला भिंग लागतं. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स त्या मानाने शहाणा. त्यात खाली चाळीस चेहरे असतात हे खरं, पण ‘भाऊं’चा चेहरा गाडीच्या टपाएवढा असतो. वाढदिवस कोणाचा, हा प्रश्न धावत्या रिक्षातूनही पडत नाही.

चित्रकाराने सगळ्यांचं ऐकून पहिलं चित्र पाठवलं. मोठ्या मापात बघितलं तर डोळ्यांचं पारणं फिटावं! सह्याद्री होता, चंद्र होता, पाऊस होता, पाऊस असताना चंद्र कसा हे विचारायचं कोणाला सुचू नये असा होता. गाडी होती, अकरा उतारू होते, शेळी खिडकीतून डोकावत होती. वहिनींनी शेळीला ओळखलं. मग पुतणीने ते चित्र १२० बाय ४५ करून दाखवलं.

भेळ! नुसती ओली भेळ. चंद्राचा बटाटा झाला होता आणि शेळी कुठे होती ते शेळीलाच ठाऊक. आणि तिने ते चित्र दुकानाच्या यादीत, इतर चाळीस खेळांच्या चित्रांमध्ये बसवून दाखवलं, तेव्हा तर आम्हाला आपलं कोणतं तेच सापडेना.

बैठकीत शांतता पसरली. आमची ही इतका वेळ पोहे करत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि तिने विचारलं, “ठिपके किती म्हणालात?”

“उभे पंचेचाळीस, आडवे एकशेवीस. त्यातच नावही बसवायचं.”

“मग एवढा पसारा कशाला मांडलाय? अंगणात जागा कमी असली की मी मोर काढते का? कमळ काढते. सात ठिपक्यांत मोर काढायला गेलं की त्याची कोंबडी होते.”

छापखान्यात तीस वर्षं काढून मी जे सांगू पाहत होतो ते हिने कोंबडीत सांगितलं.

ही मूळची आडगावची. तिच्या गावाला मुक्कामी गाडी यायची. पुतणीने तिला विचारलं, “काकू, रात्री गाडी यायची तेव्हा आधी काय दिसायचं?”

“दिवे. वळणावर दोन दिवे दिसले की आम्ही पोरं ओरडायचो. गाडी मागनं. मग पाटी वाचायची, आपलीच आहे ना म्हणून.”

पुतणीने ते चित्रकाराला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. आठवड्याने दुसरं चित्र आलं. काळीनिळी रात्र. समोरून येणारी लाल गाडी. दोन पिवळे दिवे. आणि खेळाचं नाव वेगळं कुठे लिहिलंच नव्हतं. गाडीच्या कपाळावर जिथे गावाची पाटी असते, तिथेच ते मोठ्या अक्षरांत बसवलं होतं. मोठ्या मापात पाऊसही होता, मित्राचा जीव राहावा एवढा. माप लहान होत गेलं तसा चित्रकाराने एकेक सोडून दिला. आधी पाऊस, मग डोंगर, मग टप. शेवटच्या पिल्लात फक्त पाटी आणि दोन दिवे. लहान चित्र म्हणजे मोठ्या चित्राची आटवलेली बासुंदी नव्हे, ते निराळं चित्र. आणि छोट्या चित्रात नावानेच जवळजवळ सगळी जागा भरावी, असं ते दुकानही सांगतं. आपल्या काकूला आणि त्या दुकानाला एकच सुचलं!

नाव इंग्रजी अक्षरांत आहे. ब्राझीलमधल्या पोराला ‘मुक्कामी’ म्हणजे काय कळणार, अशी शंका वकिलांनी काढली. कदाचित जपानी पदार्थ वाटेल. वाटू दे. त्याला ते वाचता आलं आणि उद्या आठवून शोधायला टाइप करता आलं, की झालं.

“पण हाणामारीचा खेळ शोधणारा ह्याच्यावर बोट ठेवेल का?” भावाने विचारलं.

“न ठेवलेलंच बरं, बाबा.”

आणि इथे मला ह्या सगळ्या प्रकरणातली खरी मेख कळली. आपल्याकडे दुकानात ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असते. पाटीपाशी सचोटी संपते. त्या दुकानात माल परत घेतात. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर मागितले की पैसे परत. म्हणजे चित्र बघून तलवारबाजीच्या आशेने आलेला माणूस शेळीचं तिकीट फाडायची वेळ आली की पैसे मागून निघून जाणार, आणि जाताना चार शब्दही लिहून जाणार. खानावळीवर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहितात ते निव्वळ बोलावण्यासाठी नाही, चुकून येणाऱ्याला वाचवण्यासाठीही. चांगलं चित्र हाक मारतं, पण नाव घेऊन मारतं. भलत्याने वळून बघू नये. लांबून दिसावं, आणि जवळ गेल्यावर खोटं पडू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. माणसांकडूनही ह्याहून जास्त आपण कुठे करतो?

खेळ अजून दुकानात लागायचा आहे. तो चालेल की नाही, दिवाळीनंतर काय, हे मला ठाऊक नाही. भावाने तीन निरनिराळे हिशेब करून ठेवलेत आणि तिन्ही लपवून ठेवलेत. पण परवा पुतणी फोनवर ते एकशेवीस ठिपक्यांचं चित्र बघत आईच्या पलंगावर बसली होती. आईने न विचारता फोन हातात घेतला. चष्मा नव्हता. मोतीबिंदू एका डोळ्यात अजून आहे. तिने तो फोन लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

“ही ह्यांची गाडी,” ती म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

“इतकी वर्षं हे रात्री कुठे असायचे, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.” ती बराच वेळ त्या दोन दिव्यांकडे बघत होती. मग तिने फोन पुतणीच्या हातात दिला आणि कूस बदलता बदलता म्हणाली, “दिवे मालवायला सांग त्यांना. सकाळपर्यंत बॅटरी उतरेल.”